शरीफुन्निसाचा अंगठा

माझा मेहुणा इक्बाल एक अख्खा उन्हाळा आणि अर्धा हिवाळा शेख होता. बहारीनमध्ये खऱ्या शेखांची काही कमतरता नाही. त्यात आमच्या रायगडच्या इक्बाल मुकादमची भर पडली म्हणून कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते माझ्या घरात. कारण त्याचं शेखपण माझ्या बायकोच्या एका सहीवर अडलं होतं. माझी बायको जुबैदा ही त्याची सख्खी धाकटी बहीण, आणि ती एकदा ‘नाय’ म्हणाली की तिच्यापुढं नवरा, भाऊ आणि कंपनीचा अरबाब म्हणजे मालक, सगळे सारखेच.

गोष्ट ब्याण्णव सालची. मी तेव्हा मीना सलमान बंदराजवळ एका वर्कशॉपमध्ये लेथवर होतो. तेलाच्या विहिरीत सोडतात त्या पाइपांना आटे पाडायचे, हे माझं काम. इक्बालभाई त्याच आवारात स्टोअरकीपर. दोन्ही खिशांना पेन, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. माझ्यापेक्षा वयानं मोठा आणि बायकोचा भाऊ, म्हणजे चेष्टा करायचा मला पूर्ण हक्क होता आणि तो मी कधी वाया घालवला नाही. माणूस वाईट नव्हता. हात सैल, जीभ त्याहून सैल. गावाकडून नवा आलेला कुणीही पहिले काही दिवस त्याच्याच खोलीवर जेवायचा.

या दोघांच्या वर एक थोरली बहीण होती, शरीफुन्निसा. आम्ही सगळे तिला आपा म्हणायचो. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा ती माहेरी परत आली आणि तिथंच राहिली. आईबापाचं दुखलंखुपलं तिनं काढलं. बापाचं खाजण तिनं सांभाळलं. खाजण म्हणजे खाडीकाठची भातजमीन, बांध घालून समुद्राकडून मागून घेतलेली. बांध फुटला की खारं पाणी आत शिरतं आणि मग काही वर्षं भाताचं नाव काढायला नको. दर उधाणाला आपा गुडघाभर चिखलात उभी राहून गड्यांकडून बांधाला माती घालून घ्यायची. मजुरीचे पैसे इक्बालभाई न चुकता पाठवायचा, हेही खरं. त्यामुळे जमीन आपण सांभाळतो असं त्याला प्रामाणिकपणे वाटायचं.

आपाला लिहितावाचता येत नव्हतं. ती कॅसेट पाठवायची. शेजारच्या हुस्नाकडे टेपरेकॉर्डर होता, त्याच्यापुढं बसून बोलायची. मग रजेवरून परतणारा कुणीतरी ती कॅसेट सोड्यांच्या पुडक्यात गुंडाळून आणायचा, म्हणून आपाचा आवाज ऐकण्याआधी आम्हाला सुक्या मासळीचा वास यायचा. तिची सुरुवात ठरलेली होती. आधी खाकरायची, मग म्हणायची, “अस्सलामु अलैकुम. मी इक्बालची बहीण बोलतंय.” अगं, आम्ही तुला ओळखत नाही का! जुबैदा दर वेळी हसायची. पण तलाठी असो, डॉक्टर असो, एसटीचा कंडक्टर असो, आपा सगळीकडे स्वतःची ओळख अशीच सांगायची.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आलेल्या कॅसेटमध्ये तिनं सांगितलं की सरकारी तेल कंपनीची माणसं जीप घेऊन खाजणावर आली होती. त्यांनी जमिनीत नळ्या पुरून कसलेसे बार उडवले, त्यानं कुरल्या बिळातून बाहेर पळाल्या. आता तिथं तेलासाठी, नाहीतर गॅससाठी विहीर खणून बघणार आहेत म्हणे. ती हे सांगताना त्या खेकड्यांबद्दलच जास्त बोलली.

इक्बालभाईनं ती कॅसेट ऐकली आणि दुसऱ्या दिवशी तो स्टोअरमध्ये शिट्टी वाजवत हिंडत होता. त्याचं कारण मिस्टर टकर. टकर हा अमेरिकन, ओक्लाहोमाचा, आमच्याकडे पाइप तपासायला यायचा. लालबुंद चेहरा, चहात चार चमचे साखर. त्यानं कधीतरी चहा पिता पिता सांगितलं होतं की त्याच्या आईच्या शेतात, कोंबड्यांच्या खुराड्यामागं तेलाची विहीर आहे आणि त्या तेलाचा हिस्सा म्हणून तिला कंपनीकडून दर महिन्याला चेक येतो. रॉयल्टी. म्हातारी आयुष्यात तेलाच्या बोटभर जवळ गेली नाही, पण तिनं त्याच्यावर दोन मुलं शिकवली आणि घराला नवं छप्पर घातलं.

इक्बालभाईच्या डोक्यात हे छप्पर पक्कं बसलं होतं.

आमच्या गावची माणसं बहारीनमधल्याच जिदहफ्सला दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर जमायची. कमालचाचांच्या टेलरिंगच्या दुकानावर एक खोली होती, तिथं गावची जमात भरायची. गावातल्या मशिदीचा रंग, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या घरचं भांडण, सगळं तिथं ठरायचं आणि गावाला कळवलं जायचं. गावात राहिले होते म्हातारे, बायका आणि पोरं. कारभार चालायचा जिदहफ्सवरून. त्या शुक्रवारी इक्बालभाईनं टकरच्या आईची गोष्ट सांगितली. सगळे गप्प होऊन ऐकत होते. आम्ही सगळे तेलाच्या देशात राहणारी माणसं. हमद टाउनहून जरा दक्षिणेला गेलं की वाळूत माना हलवणारे पंप दिसायचे, सुटीच्या दिवशी आम्ही बायकामुलांना घेऊन ते बघायला जायचो. ते दुसऱ्याचे होते. आता एक आपल्या खाडीकाठी उभा राहणार म्हटल्यावर कुणाची छाती फुगणार नाही?

“म्हणजे इक्बाल, तू आता शेख झालास,” कोणीतरी म्हणालं.

“इंशाल्ला,” इक्बालभाई म्हणाला. आणि खरं सांगतो, त्यानं ते अगदी शेखाच्या थाटात म्हटलं.

तेव्हापासून त्याचं चालणंच बदललं. गावाला बंगला, पनवेलला फ्लॅट, मशिदीला संगमरवर. आपासाठी बंगल्यात एक वेगळी खोली, पंखा लावून. हे तो सगळ्यांना सांगायचा आणि मनापासून सांगायचा.

आता अडचण. बाप वारला तेव्हा सातबाऱ्यावर फक्त मुलाचं नाव लागलं होतं. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. आमच्याकडे रीतच तशी. शरियतनं मुलीला हिस्सा दिला आहे हे सगळ्यांना ठाऊक. पण बहीण तो ‘माफ’ करते, भाऊ तिला एक भारी साडी देतो, पोटभर जेवू घालतो, आणि बहीण उभा जन्म माहेर टिकलं म्हणून समाधानात राहते. पण कंपनीच्या साहेबानं तलाठ्याला नेमकं विचारलं, म्हाताऱ्याला मुली नव्हत्या का? तलाठी म्हणाला, दोन आहेत. मग साहेब म्हणाला, एक तर त्यांची नावं लावा, नाहीतर त्यांनी हक्क सोडल्याचा कागद आणा, त्याशिवाय पुढचं काही होणार नाही.

कागद तयार करून इक्बालभाई आमच्या हमद टाउनच्या घरी आला. हातात बहारीनी हलव्याचा डबा आणि दोन साड्या. जांभळ्या, जरीच्या, दोन्ही एकसारख्या. एक जुबैदाला, एक आपाला. जुबैदानं सुरमई तळली होती. जेवणं झाली. त्यानं हलव्याच्या डब्याशेजारी कागद ठेवला आणि वर पेन.

“सही कर. मग एंबसीत जाऊन शिक्का मारून आणू. जैनू येईल तुज्याबरोबर.” जैनू म्हणजे मी.

जुबैदानं कागदाला हात लावला नाही. तिनं विचारलं, “आपा काय बोलली?”

“आपा बोलली, जुबैदा जिथं सही करील तिथं मी अंगठा ठेवीन. तिचं काय, ती कुठं आपल्या शब्दाबाहेर हाय?”

“उद्या तुजी बायको बोलली, या खोलीत माजी आई राहील, तर आपा कुठं जाईल?”

“मी आपाला बाहेर काढीन असं वाटतं तुना?”

“मना तसं वाटत नाय. पण ती तुज्या वाटण्यावर का जगंल? भाई, तिनं त्या बांधात जन्म घातलाय. उधाणात रात्र रात्र उभी राहिली ती. आणि राहायला खोली! पंखा लावून!”

“मजुरी कोण धाडतो?”

“तूच धाडतोस. म्हणून तुजा हिस्सा कुणी मागत नाय. तिचा तिला दे.”

आमची झोया तेव्हा दहा वर्षांची. ती खोलीतून डोकावून म्हणाली, “मम्मी, व्हाय आर यू शाउटिंग?” तिला आत पाठवून जुबैदा पुन्हा भावाकडे वळली आणि तिनं असा प्रश्न विचारला जो आम्हा दोघा पुरुषांना सुचला नव्हता.

“त्या टकरच्या आईला चेक येतो बोलतोस. जमीन कुणाच्या नावावर हाय? आईच्या का टकरच्या?”

इक्बालभाईनं माझ्याकडे बघितलं. मी हलव्याकडे बघितलं.

“मना काय माहीत?” तो चिडून उठला. “बहिणी भावासाठी जीव देतात, तू एक सही देत नाय!” साड्या आणि हलवा तिथंच सोडून तो निघून गेला. हलवा आम्ही खाल्ला. साड्या जुबैदानं कपाटात वर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी टकर वर्कशॉपमध्ये येताच मी लेथ बंद करून त्याला गाठलं. जुबैदाचा हुकूमच होता. माझं इंग्रजी आट्यापाइपांपुरतं, तरी प्रश्न त्याला कळला. तो मोठ्यानं हसला. म्हणाला, जमीन आईच्या नावावर, माझा त्यात एक खिळासुद्धा नाही. मग तो टूलबॉक्सवर बसून सगळं सांगायला लागला. बाप मेला तेव्हा चुलते आले, म्हणाले, वहिनी, तुम्ही बाईमाणूस, तेलाच्या भानगडी तुम्हाला झेपणार नाहीत, आमच्या नावावर करा. मागोमाग कंपनीचा माणूस आला, तो तर केक घेऊन आला होता. आईनं सगळ्यांना कॉफी पाजली, केक कापला, खाल्ला, आणि कुणालाही सही दिली नाही. त्यांच्या भागात तेल लागलं तेव्हा कितीतरी लोकांनी घरच्या टेबलावर, पाहुण्याला नाही कसं म्हणायचं म्हणून सह्या केल्या आणि जन्मभर हात चोळत बसले. म्हणून आईचा नियम आहे, टकर बोट वर करून म्हणाला, ज्या टेबलावर जेवलो त्या टेबलावर सही करायची नाही.

मी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा जुबैदा भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. पिठाच्या हातानंच ती हसली, आणि मला म्हणाली, “टेप काढा.”

त्या रात्री तिनं आपासाठी कॅसेट भरली. खुराडं, केक, चुलते, सगळं सविस्तर सांगितलं. शेवटी म्हणाली, “आपा, कोण काय पण आणू दे, तुजा अंगठा पदराखाली ठेव. मी सांगत नाय तोवर बाहेर काढू नको.” मी बाजूला बसलो होतो. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण माझ्या बायकोचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता. मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, तवा पुसून ठेवा.

इक्बालभाईनं प्रकरण जमातीत नेलं. मग माझी शुक्रवारी पंचाईत सुरू झाली. जो तो मला सांगायचा, जैनुद्दीन, बायकोला समजाव. एक जण तर म्हणाला, तुझ्या घरात पॅण्ट कोण घालतं? मी म्हटलं, पॅण्ट मीच घालतो, पण इस्त्री ती करते, तुला काही म्हणायचं असेल तर तिला येऊन म्हण. तो आला नाही. पण डोक्यात राग घेऊन मी घरी आलो आणि जुबैदाला म्हणालो, मला आता हे सहन होत नाही, मी एखाद्याचे दात पाडीन. ती शांतपणे म्हणाली, दात नका पाडू, पुढल्या शुक्रवारी मीच येते.

जमातीच्या खोलीत बाई कधी आली नव्हती. जुबैदा एकटी नाही आली. कमालचाचांची बायको खदिजाचाची बहारीनमध्येच असायची, तिला घेऊन आली. दोघी दारात उभ्या राहिल्या तेव्हा लोळत पडलेले सगळे ताठ बसले, कोणीतरी रेडिओ बंद केला. कमालचाचा आमच्यातले सर्वांत मोठे. अरबांचे पायघोळ तोब शिवण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी उशी सरकवून जागा करून दिली. जुबैदा बसली नाही.

“मी भांडायला आलं नाय,” ती म्हणाली. “तुमी सगळे आता नमाज पढून आलाव. मना एवढंच सांगा, बापाच्या जमिनीत मुलीचा हिस्सा अल्लानं दिलाय का भावानं? भावानं दिला असंल तर भावाला परत देतंय. अल्लानं दिला असंल तर तो साडीवर कसा सोडू?”

ती पुढं म्हणाली, “माज्या हिश्शाचं मना कायपण नको. पण मी सोडलं तर आपा सोडील, आणि आपानं सोडलं तर तिच्याजवळ या दुनियेत तिचं असं कायपण राहत नाय. तिची हयात गेली त्या चिखलात. तुमच्यातला एक जण उठून बोलू दे की हे बरोबर हाय, मी आत्ता सही करतंय. इथं जेवण नाय, टेबल पण नाय.”

शेवटचं वाक्य फक्त मला कळलं.

खोली इतकी गप्प का होती ते मला हळूहळू उमगलं. त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या सातबाऱ्यावर एखाददुसऱ्या बहिणीचं नाव गाळलेलं होतं. प्रत्येकानं एकेक साडी दिली होती. मला लांबलचक भाषणं देणारे मित्र मान खाली घालून सतरंजीचे धागे मोजत होते. शेवटी कमालचाचा बोलले.

“मी दोन बहिणींचा हिस्सा घेतला. दोघी आता नाय. मी कबरीवर जाऊन काय परत देऊ?” त्यांनी डोळे पुसले आणि इक्बालभाईकडे वळले. “इक्बाल, तुजी एक समोर हाय आणि एक गावाला वाट बघतंय. तुना अजून सवड हाय, बाबा. दोघींची नावं लाव. जमातीचा हाच निर्णय.”

इक्बालभाईचा चेहरा काळा ठिक्कर पडला. पण जमातीचा शब्द त्यानं आयुष्यात मोडला नव्हता. रजा टाकून तो गावाला गेला आणि शरियतप्रमाणे अर्धी जमीन स्वतःच्या, पाव आपाच्या, पाव जुबैदाच्या नावावर लावून आला. परतल्यावर माझ्याशी बोलेना. निम्मं तेलही काही कमी नव्हे, असं मात्र दुसऱ्यांना सांगताना मी ऐकलं.

पुढं कंपनीचा करार आला तेव्हा आमच्या शेखाच्या थाटाची पहिली जर झडली. त्यात जमीन वापरल्याचं वर्षाचं भाडं होतं आणि बुडालेल्या भाताची भरपाई होती. रॉयल्टी हा शब्द कुठं नव्हता. इक्बालभाईनं कागद टकरला दाखवला. टकरनं विचारलं, जमीन तुमची, मग खालचं तेल कुणाचं? इक्बालभाईनं चौकशी करून आणली. हिंदुस्थानात जमिनीच्या पोटातलं सगळं सरकारचं, रॉयल्टीही सरकारची. मालकाचं फक्त वरचं गवत. टकरला हे ऐकून इतकं वाईट वाटलं की तो चहात साखर घालायला विसरला. मी म्हटलं, इक्बालभाई, इथंपण तसंच आहे, इथल्या कुठल्या खजूरवाल्याला चेक येतो का? इतकी वर्षं आपण इथं राहतो, हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही!

आणि मग विहीरही कोरडी निघाली. खोल खोल गेले, शेवटी चिखलच लागला. चिखल आपाकडे आधीच पुष्कळ होता.

शुक्रवारी जमातीत “शेखसाहेब, यल्ला, चहा पाजा” सुरू झालं. माणसं निर्दय असतात असं नाही, त्यांना करमणूक नसते. इक्बालभाईनं जिदहफ्सला येणं बंद केलं. मला खरं तर खुशी व्हायला हवी होती, पण तो स्टोअरच्या काउंटरमागं एकटा डबा खाताना दिसला की मी माझा डबा अर्धाच ठेवून उठायचो. मी ते जुबैदाच्या कानावर घातलं. मग आपाची नवी कॅसेट आली, तशी ती मला म्हणाली, “अजून लावू नका. जा, भाईला घेऊन या. बोलवा जेवायला. बोला, सही मागणार नाय.”

तो आला. सोफ्याच्या टोकाला पाहुण्यासारखा बसला. खोलीत सोड्यांचा वास दरवळत होता. जुबैदानं टेपचं बटण दाबलं. आपा नेहमीसारखी खाकरली.

“अस्सलामु अलैकुम,” आपाचा आवाज आला. “मी शरीफुन्निसा बोलतंय. शरीफुन्निसा हसनमियां मुकादम.”

जुबैदाचा हात तोंडावर गेला. इक्बालभाई टेपकडे बघत राहिला.

आपा सांगत होती. विहीर कोरडी निघाली तशी कंपनी सामान आवरायला लागली. त्यांच्या ट्रकांनी बांध दोन ठिकाणी खचवला होता, अमावास्येचं उधाण जवळ आलेलं. तहसील कचेरीत बोलावणं आलं, जमीन परत मिळाली असं लिहून द्यायला. “मी ती जांभळी साडी नेसलं, जुबैदानं धाडलेली.” हे मलाही नवीन होतं. मी बायकोकडे पाहिलं, तिनं पाहिलं नाही. “तिथं गावातले चार पुरुष पुढं झाले. कंपनीचा साहेब बोलला, तुमी बसा, शरीफुन्निसा मुकादम कोण? मी उठलं. साहेब बोलला, बाई, तुमी कोण त्यांच्या? मी बोललं, मीच ती. मालकीण.”

इथं टेपमध्ये मागं हुस्नाची कोंबडी ओरडत होती.

“मग साहेबानं चहा मागवला. बटाटेवडे मागवले. मी खाल्ले, चांगले होते. मग बोलला, इथं अंगठा द्या. मी बोललं, साहेब, जिथं खाल्लं तिथं अंगठा देत नाय. सगळे हसले. पण मी अंगठा पदराखालीच ठेवला. बोललं, तुमचं माती ढकलायचं मशीन अजून खाजणात उभं हाय. आदी माजा बांध बांधा. मग मी बांधावर येऊन अंगठा देतंय. ते बोलले, असं नाय होत. मी बोललं, मग मी बसतंय. बसलं. संध्याकाळ झाली, शिपाई कुलूप घेऊन उभा. शेवटी साहेबानं फोन केला कुणाला तरी.” आपा हसली. “तीन दिवस मशीन चाललं. आता बांध असा झालाय, की आपल्या बापानं बघितला असता तर त्यावर झोपला असता. मग दिला अंगठा. बांधावर. इक्बालला सांगा, त्याच्या हिश्शाचा पण बांध झालाय. त्यानं इतकी वर्षं मजुरी धाडली, मी विसरलं नाय. या साली मजुरी धाडू नको बोला.”

कॅसेट नुसतीच फिरत राहिली. मी उठून बंद करणार, एवढ्यात इक्बालभाई म्हणाला, “परत लाव.”

“सगळी?”

“नाय. सुरुवात.”

जुबैदानं मागं नेऊन लावली. आपा खाकरली, सलाम केला, नाव सांगितलं. बापाच्या नावासकट. इक्बालभाईनं ते तीनदा ऐकलं. मग रुमाल काढून चेहरा पुसला आणि जेवायला बसला, आणि जुबैदानं त्याच्या ताटात वाढलेली सगळी भाकरी त्यानं मुकाट्यानं संपवली. जाताना कॅसेट मागून घेतली.

पुढच्या शुक्रवारी तो जिदहफ्सला आला. बगलेत टेपरेकॉर्डर. कुणी “शेखसाहेब” म्हणायच्या आत त्यानं तो सतरंजीच्या मधोमध ठेवला आणि लावला. बटाटेवड्यांपाशी खोली हसली, मशीन चाललं तिथं कोणीतरी टाळी वाजवली, आणि कमालचाचा डोळे मिटून ऐकत राहिले. त्या दिवशी गावाकडून एक नवीन जण आला होता, पहिल्यांदाच बहारीनला, कुणाला ओळखत नव्हता. तो इक्बालभाईच्या शेजारी बसला होता. त्यानं अदबीनं विचारलं, “चाचा, तुमी कुणाचे?”

इक्बालभाई जरा ताठ बसला. शेख असतानासुद्धा मी त्याला इतका ताठ बसलेला पाहिला नव्हता.

“मी शरीफुन्निसाचा भाऊ,” तो म्हणाला.